खाऱ्या हवेवर फाडलेलं बिल

आमच्या खारेपाटात काहीही बिघडलं की त्याचं बिल खाऱ्या हवेवर फाडायचं, ही जुनी रीत आहे. दाराची बिजागरी गंजली, खारी हवा. शाळेतला पंखा बंद पडला, खारी हवा. सायकलची चेन तुटली, खारी हवा. एखाद्याच्या पोराला दहावीला गणितात पस्तीस पडले तरी हवेचं नाव घ्यायला लोक कमी करणार नाहीत. हवा बिचारी बोलत नाही, कोर्टात जात नाही, उलट उत्तर देत नाही. तिच्यावर ठपका ठेवला की सगळे मोकळे: विकणारा मोकळा, लावणारा मोकळा आणि वापरणारा तर आधीच मोकळा.

या रीतीने माझी आणि माझ्या भावकीची दोन वर्षांची भातं खाल्ली. म्हणून आज मी या रीतीविरुद्ध बोलणार आहे. बोलताना उदाहरण घेणार आहे ते एका होडीच्या इंजिनाचं, त्यातल्या दोन तारांचं. कुणी म्हणेल, शेतकऱ्याला तारांशी काय करायचंय? ज्याचं शेत खाडीला लागून आहे त्याने तरी हे विचारू नये.

आधी होडी सांगतो. मुंबईच्या एका माणसाने हौसेने सागाची लहान लाँच करून घेतली होती. त्याची हौस फिटली आणि ती मांडव्याकडे उन्हात पडून राहिली. आम्ही भावकीतल्या तिघांनी मिळून ती घेतली. आत जीपचं जुनं पेट्रोल इंजिन होतं, चार सिलिंडरचं. आमच्या खाडीत बाकी सगळ्यांची डिझेल इंजिनं. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबून दाबून तापते आणि तेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोलला मात्र दर स्फोटाला ठिणगी द्यावी लागते, आणि ती अचूक वेळेला. डिझेल बसवायला आमच्याकडे पैसे नव्हते. स्वस्तात मिळालेलं इंजिन महाग पडतं असं म्हणतात. पण आमच्या बाबतीत महाग पडलं ते इंजिन नव्हे. तेच पुढे सांगायचंय.

ही होडी चैनीची नव्हती. पेणच्या पश्चिमेला, धरमतरच्या खाडीला लागून वाशी, वढाव, काळेश्री, भाल असा जो पट्टा आहे तो सगळा बंदिस्तीच्या जिवावर उभा आहे. भरतीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. मध्ये मातीचा बांध, तेवढाच आधार. त्या बांधाला बाहेरून पोचायचं तर पावसाळ्यात चिखलातून वाट नसते. माती, गोणी, बांबू, पेंढा, माणसं, सगळं पाण्याच्या वाटेनेच न्यावं लागतं. एरवी आंबेच्या खाडीतून वर नागोठण्याच्या बाजूला, म्हणजे रोहे तालुक्यात, सोयऱ्याधायऱ्यांकडे जायलाही ती होतीच.

आता जुनी ठिणगी कशी पडते ते थोडक्यात. बॅटरीचा करंट चावीतून कॉइलमध्ये जातो. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला करंट डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमधून बॉडीला, म्हणजे अर्थला, उतरतो. पॉइंट म्हणजे दोन छोट्या टिकल्या, मिटणाऱ्या आणि उघडणाऱ्या. मिटलेल्या असताना कॉइल भरते. कॅमच्या कोपऱ्याने त्या उघडल्या की करंट अचानक तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो. तो रोटरमधून ज्या त्या प्लगला जातो. शेजारचा कंडेन्सर टिकल्या जळू देत नाही. 1910 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाने ही रचना गाडीवर आणली आणि पुढे साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. ती वाईट आहे असं म्हणण्याची माझी छाती नाही.

मी ते पॉइंट वर्षानुवर्षं सांभाळले. पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेजने फट बघायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. गेज हरवलं की जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा घालायचो. हातात काहीतरी कला आहे असं वाटायचं. पण खरं सांगतो, त्या कलेला दर पंधरा दिवसांनी बसावं लागायचं. टिकल्यांना खड्डे पडत, कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजून फट मिटत जाई, आणि श्रावणातल्या दमट पहाटे टिकल्यांवर ओल धरली की स्टार्टर मारून मारून बॅटरी संपे.

तेव्हा पुतण्याने मुंबईहून एक किट आणलं. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्यांच्या जागी प्लेटवर एक काळा डबा बसवायचा, काडेपेटीहून लहान. रोटरखाली कॅमवर एक कडं बसतं, त्यात चार लोहचुंबक. चुंबक समोरून गेला की डब्याला कळतं आणि तो कॉइलचा करंट तोडतो. टिकल्या नाहीत, घासणं नाही, झिजणं नाही. अमेरिकेत क्रायसलरने 1973 पासून आपल्या मोटारींना पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन देऊन टाकलं होतं. आमच्या खाडीत ते यायला एवढाच काय तो उशीर. डब्यातून दोन तारा बाहेर येतात, लाल आणि काळी. लाल तार अधिकला, काळी कॉइलच्या उण्याला. विकणाऱ्याने पुतण्याला सांगितलं होतं, “दोन तारांचं काम. लावा आणि विसरा.”

या दोन शब्दांवर माझा राग आहे. लावा, हे बरोबर. विसरा, हे कुणी सांगितलं? बांध घाला आणि विसरा असं आमच्या आज्याने कुणाला सांगितलं असतं तर आज पेणचा अर्धा खारेपाट खाडीत असता.

गाड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला. त्याने तासाभरात डबा बसवला. इंजिन अर्ध्या चावीत सुरू झालं आणि शिलाई मशीनसारखं चालायला लागलं. आम्ही खूश. मिस्त्रीने तारा पिळल्या, वर टेप गुंडाळली, पैसे घेतले, गेला. मी शेजारी बसून विडी ओढत होतो. काय कुठे जोडलं ते बघितलं नाही. हा माझा गुन्हा, तो आधीच कबूल करतो.

पुढे आषाढी अमावास्या आली. लावणी नुकतीच उरकली होती. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला पूर्ण होते. म्हणजे सकाळी सहा-सातला सुकती. त्या सुकतीला बांधावर फिरणारा पोरगा धावत आला, “नाना, खांड जातेय! चार हात झाली!” चार हातांची खांड म्हणजे काही नाही. आठ माणसं, साठ गोणी, बांबू आणि पेंढा घेऊन दोन तास काम केलं तर भरतीआधी बुजते. सगळं होडीत भरलं. पाऊस कोसळत होता, तळातलं पाणी काढायचा विजेचा पंप चालू होता. साडेसातला निघालो.

अर्ध्या वाटेत इंजिन दोनदा अडखळलं आणि मेलं. चावी फिरवली, स्टार्टर फिरतोय, ठिणगी नाही. खांड खाडीच्या तोंडाकडच्या बाजूला, आणि भरती लागल्यावर पाण्याची ओढ आम्हाला उलट वर नेऊ लागली. वल्हं दोनच. बांबूने रेटलं, नांगर टाकला, परत रेटलं. धरमतरच्या धक्क्याला जाणारी एक मोठी बार्ज पावसातून अशी जवळून गेली की तिच्या लाटेने आमच्या गोणी भिजून दुप्पट जड झाल्या. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. चार हातांची खांड तीस हात झाली होती आणि तिच्यातून खाडी आमच्या शेतात चालत गेली होती. “पानी आयला, पानी” एवढंच जो तो म्हणत होता. ऐकायला कुणी उरलं नव्हतं, सगळे तिथेच होते.

खारं पाणी एकदा आत आलं की ते ओहोटीला निघून जातं, पण मीठ ठेवून जातं. पावसाने धुऊन ते खाली जायला वर्षं लागतात. आमची आणि शेजाऱ्यांची मिळून अठरा एकर. त्या वर्षीचं भात गेलं, पुढच्या वर्षीचं उगवून पिवळं पडलं, तिसऱ्या वर्षी निम्मं आलं.

मिस्त्री आला. त्याने प्लगची तार इंजिनाजवळ धरली, ठिणगी नाही. म्हणाला, “डबा गेला. खारी हवा आहे इथं, इलेक्ट्रॉनिक टिकणार नाही.” दुसरा डबा आणला. बॅटरी चार्ज केली, प्लग साफ केले, इंजिन सुरू. पंधरा दिवसांनी परत तेच. मग गावाचा निकाल लागला: खाडीत हे चालायचं नाही, आपलं जुनंच बरं. मीही मान हलवली. पहिला डबा टेबलाच्या खणात टाकून ठेवला होता, पावत्या उडू नयेत म्हणून वजनाला.

मग रोह्याहून एक नातलग आले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात काढलेले. सकाळच्या दिवा गाडीने पेणला उतरले ते लग्नाच्या बोलणीसाठी, पण माझं रडगाणं ऐकून म्हणाले, “आधी होडी दाखवा, मुलगी मग बघू.” पिशवीत मल्टिमीटर होताच. ज्या माणसाच्या पिशवीत मल्टिमीटर असतो त्याच्यापुढे हवेचं निमित्त चालत नाही.

बॅटरीवर मोजलं: 12.4 व्होल्ट. चावी चालू करून डब्याच्या लाल तारेवर मोजलं: आठच्या जरा वर. “चार व्होल्ट कुठे गेले?” त्यांनी विचारलं. ते गेले होते कॉइलच्या आधी बसवलेल्या चिनीमातीच्या पांढऱ्या रेझिस्टरमध्ये. पॉइंट जळू नयेत म्हणून जुन्या रचनेत तो कॉइलचा करंट मुद्दाम कमी करतो. डब्याला मात्र पूर्ण बारा व्होल्ट लागतात. लाल तार रेझिस्टरच्या आधी, चावीच्या बाजूला लावायची. मिस्त्रीने ती हाताला जवळ पडली म्हणून रेझिस्टरच्या पुढे, कॉइलवर लावली होती.

मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्यावर धरलं, दुसरं डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर, आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा शून्याजवळ राहायला हवा. तो दीडवर गेला. म्हणजे परतीच्या वाटेवर आणखी दीड व्होल्टाची गळती. त्यांनी मला खाली वाकवून दाखवलं. बॅटरीची उणी केबल इंजिनाखालच्या लोखंडी चॅनलला बोल्ट केलेली. इंजिन त्या चॅनलवर रबराच्या गाद्यांवर बसलेलं. चॅनल आणि इंजिन यांना जोडणारी एकच पट्टी, तीही रंगावर कसलेली, खाली गंज. आणि डिस्ट्रिब्यूटरच्या आत, डबा ज्या हलत्या प्लेटवर बसतो तिला अंगाशी जोडणारी बारीक गुंफलेली तार तर तुटून लोंबत होती.

“हे गाडीचं वायरिंग आहे,” ते म्हणाले. “गाडीला लोखंडी अंग असतं. करंट कुठूनही घरी परततो. तुमची होडी सागाची. लाकडातून कोण परतणार? होडीत जाणाऱ्या प्रत्येक तारेला परतीची तार द्यावी लागते.”

हे वाक्य मी देवासमोर लिहून ठेवावं असं आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट असायचे, त्यामुळे गळती होऊनही डब्याला जेमतेम पुरत होतं. त्या सकाळी पावसात पंप चालू, बॅटरी दमलेली, जोडावर ओल. जे जेमतेम होतं ते कमी पडलं. डबा मेला नव्हता, उपाशी होता.

खरं की खोटं ते बघायला त्यांनी खणातला पहिला डबा मागितला. नवी पट्टी इंजिनापासून थेट बॅटरीच्या उण्याला, रंग खरवडून. प्लेटची बारीक तार नवी. लाल तार रेझिस्टरच्या आधी. पावत्यांवर वजन म्हणून पडलेला तो डबा बसवला. चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यापुढे अठरा एकर पिवळं भात आलं.

आता हवेच्या वकिलांना विचारतो. रेवदंड्याच्या ट्रॉलरवर जीपीएस चालतं, मासे दाखवणारं यंत्र चालतं, वायरलेस चालतो. त्यांना कुठली गोडी हवा लागते? खारेपाटात मोबाइलचे टॉवर उभे आहेत, ते खाऱ्या हवेतच उभे आहेत ना? जगातली एवढी मोठी जहाजं समुद्रात इलेक्ट्रॉनिकवर फिरतात. मीठ नाही असं मी म्हणत नाही. मीठ आहे, आणि ते निर्दय आहे. पण मीठ कुठून शिरतं ते विचारा. ते धडधाकट तारेच्या पोटातून शिरत नाही. ते पिळलेल्या जोडातून शिरतं, उन्हाने चिकटपणा सुटलेल्या टेपखालून शिरतं, रंगावर कसलेल्या बोल्टखालून शिरतं.

खांडीचंही तसंच असतं. खाडी बांधावरून उडी मारून येत नाही. चिंबोरीने एक बीळ पाडलेलं असतं, मनगटाएवढं. बांधावर फिरणाऱ्याने ते बघून चिखलाचा गोळा दाबला तर विषय संपला. नाही दाबला तर उधाणाला त्यातून पाणी झिरपतं, मग माती सुटते, मग खांड. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, उधाण फार मोठं होतं. 1979 मध्ये खारजमिनींसाठी राज्याने कायदा केला, त्याच्याआधी 1948 चा मुंबईचा कायदा होता. पण बीळ बुजवणारा हात कुठलाच कायदा पाठवू शकत नाही. आणि बीळ बुजवलं नाही याचं बिल उधाणावर फाडता येत नाही.

म्हणून माझं भांडण दोघांशी आहे. पहिलं, “जुनं ते सोनं” वाल्यांशी. त्यांना पॉइंट आवडतात कारण पॉइंट डोळ्यांना दिसतात. पण दिसतं म्हणून ते चांगलं चालतं असं नाही. पॉइंट बिघडले की आपण घासत बसतो आणि त्याला कारागिरी म्हणतो. एक गोष्ट मात्र मी त्यांच्या पदरात टाकतो: बॅटरी फार उतरली असली तरी पॉइंट थोडीफार ठिणगी देतात, डबा अमुक व्होल्टच्या खाली गप्प बसतो. म्हणूनच पॉइंटची जुनी प्लेट, कंडेन्सरसकट, फट जुळवून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होडीत ठेवावी. भर खाडीत अर्ध्या तासात ती बसवता येते. ती सोनं म्हणून ठेवायची नाही, वल्हं ठेवतो तशी ठेवायची.

दुसरं भांडण “लावा आणि विसरा” वाल्यांशी, आणि ते मोठं आहे. काळा डबा राळेने भरून बंद केलेला असतो, तो उघडता येत नाही, ठीक आहे. पण त्याच्या बाहेरच्या तारा तर आपल्या आहेत. त्या दोन तारांचं ज्ञान तुम्ही दहा ओळींच्या इंग्रजी कागदावर देता, बारीक अक्षरात, आणि सांगता की कुणीही लावेल. मी दहावी शिकलो, तेव्हाचं इंग्रजी मला साइनबोर्ड वाचण्यापुरतं पुरतं. लाल तार रेझिस्टरच्या आधी, हे चार शब्द मराठीत त्या पेटीत असते तर आमची अठरा एकर वाचली असती. सागाच्या होडीला परतीची तार द्या, हे पाच शब्द. वस्तू महाराष्ट्रात विकायची, पैसे मराठीत मोजून घ्यायचे आणि सांगायचं ते इंग्रजीत, हा कुठला न्याय?

आणि आम्ही? आम्ही विचारत नाही. मिस्त्रीने टेप गुंडाळली की आम्ही पैसे काढतो. शेजारच्याने बांधाला माती टाकली की आपण त्यावर उभं राहून पाय दाबून बघतो. होडीच्या तारेवर मात्र बोट ओढून बघत नाही. वायरिंग हे शिकलेल्यांचं काम, हे आमच्या डोक्यात कुणी भरलं? मोजता आलं की झालं. मल्टिमीटर आता युरियाच्या गोणीएवढ्या पैशात मिळतो आणि तो कुणाची दहावी विचारत नाही.

मी आता काय करतो ते सांगतो, ज्याला हवं त्याने घ्यावं. तार साध्या तांब्याची घेत नाही. ती आतून काळी पडते. कल्हई केलेल्या तांब्याची घेतो. आपली पितळी भांडी कल्हईशिवाय आंबट टाकायला चालत नाहीत, तसंच तारेचं. जोड पिळत नाही. थिंबल दाबून बसवतो, त्यावर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवतो. तार डब्याकडे जाताना खाली लोंबती ठेवतो, म्हणजे पाणी थेंबाने गळून पडतं, तारेवरून आत चालत जात नाही. अधिक-उणे जोडण्याआधी दोनदा बघतो, कारण उलटं लावलं तर डबा खरोखरच जळतो. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवत नाही. कॉइल तापते आणि काही डबेही जातात. बॅटरी उतरली म्हणून ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून कधी सुरू करत नाही. दरवर्षी मृगाआधी मीटर धरून तीच दोन मापं घेतो, लाल तारेचं आणि परतीचं, आणि वहीत लिहितो. पाच मिनिटं लागतात.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती जिवाची आहे. पॉइंट काढले म्हणून डिस्ट्रिब्यूटरमधली ठिणगी संपत नाही. रोटर आणि टोपी यांच्यात ती उडतच राहते. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती होडीच्या तळात उतरून बसते, मोटारीसारखी रस्त्यावर निघून जात नाही. म्हणून समुद्रावरच्या इंजिनांना वेगळा डिस्ट्रिब्यूटर मिळतो, ज्यातली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही. आमच्या जीपच्या इंजिनाला मी तो शोधून बसवला. तरीही आधी फळ्या उघडायच्या, वास घ्यायचा, पंख्याने चार-पाच मिनिटं तळातली हवा बाहेर काढायची, मगच चावी. हे सांगणारा कागद कुठल्याच पेटीत मी पाहिला नाही. होडी जळाली असती तर तेही बहुतेक खाऱ्या हवेच्याच नावावर गेलं असतं.

तो पहिला डबा आजही इंजिनात आहे. बाराहून जास्त पावसाळे त्याने खाल्ले. दुसरा खणात आहे, पावत्यांवर. बदलल्या त्या फक्त तारा आणि थिंबलं. रोह्याचे ते नातलग आता सोयरे झाले. मुलगीही त्यांनी दिली.

परवा पलीकडच्या गावचा एक पोरगा आला. बापाच्या होडीला असाच डबा बसवलेला, बंद पडलेला. डबा रुमालात गुंडाळून आणला होता, मेलेलं पाखरू आणावं तसा. “नाना, यो गेला. खारी हवा लागली त्याला.”

मी डबा हातात घेतलाच नाही. मीटर काढला आणि म्हटलं, “चल, आधी परतीची तार दाखव.”